न्हाण्याआधीचं तेल

कमरेपर्यंत रुळणाऱ्या वेणीचं टोक किती जुनं असतं? माणसाचा केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो. म्हणजे ७० सेंटिमीटरच्या वेणीचं टोक टाळूतून बाहेर पडलं त्याला जवळजवळ सहा वर्षं झाली. सातवीत शिकणाऱ्या मुलीच्या शेपट्याचं टोक ती पहिलीत होती तेव्हाचं. तेव्हापासूनचं सगळं ऊन, सगळी धूळ, फणीचा प्रत्येक ओढा त्या टोकाने सोसलेला आहे, आणि एवढ्या काळात त्याची एकदाही डागडुजी झालेली नाही. होऊच शकत नाही. केस मृत असतो. जिवंत असतं ते फक्त मूळ, कातडीखाली तीन-चार मिलिमीटर खोल बसलेलं.

कातडी फाटली की सांधते, नख तुटलं की मागून नवं पुढे सरकतं. केसाचा एखादा भाग झिजला की तो कायमचा झिजला. घरी आपण केसांसाठी जे जे करतो त्यातलं काहीच त्याला बरं करत नाही; जे हाती आहे ते सांभाळणं, एवढंच शक्य असतं. ही गोष्ट नीट ध्यानात आली, की आपल्या घरांमधला तो जुना क्रम किती विलक्षण आहे हे उमगतं: आधी गुंता काढायचा, मग तेल लावायचं, मग शिकेकाईने न्हायचं. साहित्याइतकंच महत्त्व इथे क्रमाला आहे.

विंचरताना फणीत आलेल्या गुंतवळातला एक लांब केस घ्या. अंगठा आणि तर्जनी यांच्यात तो आडवा धरा आणि दोन्ही बोटं त्याच्या लांबीच्या दिशेने पुढेमागे हलकेच चोळत राहा. केस एका जागी थांबत नाही. तो सरकू लागतो, आणि नेहमी एकाच बाजूला, मुळाकडचं टोक पुढे ठेवून. उलटा धरला तर उलट्या दिशेने जातो. ज्या केसाची दोन्ही टोकं आपल्याला सारखीच दिसतात, त्याचं मूळ कुठलं आणि शेंडा कुठला हे बोटांना असं कळतं. घरात लहान मूल असेल तर त्याला हे जरूर करून दाखवावं.

याचं कारण डोळ्यांना दिसत नाही. मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही बारीक असलेल्या केसावर पारदर्शक खवल्यांचे सहा-आठ थर असतात. कोकणातल्या उतरत्या छपरावर कौलं रचावीत तसे ते एकावर एक चढवलेले असतात, आणि सगळ्यांच्या कडा शेंड्याकडे. बोट शेंड्याकडे जातं तेव्हा घसरतं, मुळाकडे येतं तेव्हा कडांना अडतं आणि केसाला सोबत ओढून आणतं. जटा होतात त्याही यामुळेच. उलटसुलट पडलेले केस एकमेकांच्या कडांत अडकतात आणि हालचाल झाली की आणखी आत शिरतात. लोकरीचा नमदा तयार होतो तोही असाच.

सर्वांत वरच्या खवल्यावर स्निग्ध पदार्थाचा एक थर असतो, फक्त एका रेणूइतका जाड. तो नुसता पसरलेला नसतो, रासायनिक बंधाने खवल्याला जखडलेला असतो. निरोगी केसावरून पाणी ओघळून जातं ते या थरामुळे. ब्लीचने किंवा केस सरळ करणाऱ्या तीव्र क्षारांनी तो निघून गेला की त्या भागावर पुन्हा उगवत नाही. मग केस रुक्ष होतो आणि पाणी भराभर शोषतो.

पाणी हे काही केसाला निरुपद्रवी नाही. पूर्ण भिजलेला केस स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी धरतो. त्याची जाडी १४-१५ टक्क्यांनी वाढते, लांबी मात्र जेमतेम एक-दोन टक्क्यांनी. आतला गाभा फुगतो आणि खवल्यांच्या कडा वर उचलल्या जातात. वाळताना पुन्हा सगळं आकसतं. दर न्हाण्याला हे फुगणं आणि आकसणं होतं, आणि दर खेपेला गाभ्यातलं थोडं प्रथिन पाण्याबरोबर वाहून जातं. भिजलेला केस ताणायलाही कमकुवत असतो. म्हणून गुंता काढायचा तो न्हाण्याआधी, कोरड्या केसांत, खालून सुरुवात करून वर जात. ओल्या केसांत बारीक दातांची फणी घालणं म्हणजे उचललेल्या कडा आपल्याच हाताने मोडणं. फार कुरळ्या केसांचं तेवढं वेगळं असतं. ते ओले असताना रुंद दातांच्या कंगव्याने किंवा बोटांनी अलगद सोडवावे लागतात.

आता तेलाकडे येऊ. हा भाग मला सगळ्यांत नवलाचा वाटतो.

मुंबईतल्या मॅरिको कंपनीच्या संशोधन विभागातले आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांचा एक निबंध २००३ साली ‘जर्नल ऑफ कॉस्मेटिक सायन्स’मध्ये आला. त्यांनी खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल अशी तीन तेलं केसांच्या बटांना लावली आणि धुताना केसातून किती प्रथिन निघून जातं ते मोजलं. प्रथिनाची गळती ठळकपणे कमी केली ती एकट्या खोबरेलाने. धडधाकट केसांतही आणि ब्लीचने खराब झालेल्या केसांतही. कंपनी स्वतः खोबरेल विकते, हे वाचकाने ध्यानात ठेवायलाच हवं. पण त्याआधी २००१ साली याच दोघांनी अमेरिकेतल्या प्रिन्स्टनमधल्या तंतुशास्त्रज्ञांबरोबर केसाचे आडवे छेद घेऊन तेल नेमकं कुठे जातं ते तपासलं होतं. खोबरेल केसाच्या गाभ्यात सापडलं. खनिज तेल बाहेरच राहिलं.

असं का व्हावं? खोबरेलात जवळजवळ निम्मा वाटा लॉरिक आम्लाचा असतो. १२ कार्बन अणूंची सरळ, आखूड साखळी. सूर्यफुलाच्या तेलात मुख्य असतं ते लिनोलिक आम्ल: १८ कार्बनची, दोन ठिकाणी वाकलेली साखळी. सरळ, लहान रेणूला खवल्यांच्या फटींतून वाट मिळते, वाकड्या आणि मोठ्या रेणूला ती अवघड जाते. खनिज तेलाच्या रेणूंना तर केसातल्या प्रथिनाची ओढच नसते. पुण्या-नाशकात थंडीत खोबरेलाची बाटली गोठते ती याच लहान, सरळ, घट्ट रचल्या जाणाऱ्या साखळ्यांमुळे. सुमारे २४ अंशांच्या खाली ते थिजतं, सूर्यफुलाचं तेल मात्र पातळच राहतं. बाटली उन्हात ठेवून तेल वितळवून घेणारी आजी आणि केसाचा छेद तपासणारी प्रयोगशाळा, दोघींसमोर त्या रेणूचा एकच गुण उभा असतो.

गाभ्यात शिरलेलं तेल पाण्याला जागा देत नाही. केस कमी फुगतो, खवल्यांच्या कडा कमी उचलल्या जातात. म्हणूनच न्हाऊन झाल्यावर चमक यावी म्हणून लावलेल्या तेलापेक्षा न्हाण्याआधी काही तास, जमलं तर आदल्या रात्री लावलेलं तेल जास्त कामाचं. फार लागतही नाही. तळहातावर चोळून केसांच्या खालच्या अर्ध्या भागाला पुसल्यासारखं लावलं तरी पुरतं, कारण जुना, झिजलेला भाग तोच. तेलाने केस वाढतो असं मात्र मी म्हणणार नाही. वाढ मुळाशी ठरते. तेल त्या वाढलेल्या केसाला तुटू देत नाही, म्हणून तो लांब झालेला दिसतो.

कोंडा असेल तर टाळूला तेल चोपडणं थांबवावं. कोंड्यामागे मॅलेसेझिया नावाची सूक्ष्म बुरशी असते. ती जवळजवळ प्रत्येकाच्या टाळूवर राहते, पण तिला स्वतःची चरबी स्वतः बनवता येत नाही. २००७ साली तिची जनुकं वाचली गेली तेव्हा त्यामागचं कारण कळलं: मेदाम्लं घडवणारं यंत्रच तिच्याकडे नाही. ती आपल्या टाळूच्या तेलावर जगते. वरून आणखी तेल ओतणं म्हणजे तिला वाढून देणं. अशा वेळी तेल केसांच्या लांबीलाच लावावं.

शिकेकाई ही सह्याद्रीच्या रानातली काटेरी वेल. तिच्या शेंगा आणि रिठ्याची साल या दोन्हींत सॅपोनिन नावाची द्रव्यं असतात. सॅपोनिनच्या रेणूचं एक टोक साखरेच्या साखळीचं, पाण्यात रमणारं; दुसरं टोक स्निग्धाला धरणारं. तेलाच्या थेंबाला अशा रेणूंचा वेढा पडला की तो पाण्याबरोबर वाहून जातो. झाड हे द्रव्य आपल्या न्हाण्यासाठी बनवत नाही. बुरशी आणि किडे यांच्यापासून बचाव म्हणून बनवतं. सॅपोनिन त्यांच्या पेशींची स्निग्ध आवरणं फोडतं. रिठ्याचं पाणी डोळ्यात गेलं की झोंबतं, ते त्याच गुणामुळे. न्हाताना डोळे घट्ट मिटायला सांगणं हा उगाच धाक नव्हे.

साबणाशी त्याची तुलना करायला हळद पुरते. पांढऱ्या फडक्यावर हळदीचं पाणी लावून वाळवा. एका डागावर अंगाच्या साबणाची ओली वडी घासा, दुसऱ्यावर गाळलेलं शिकेकाईचं पाणी टाका. पहिला डाग तांबडा होतो, दुसरा पिवळाच राहतो. हळद-चुना कालवल्यावर जो लाल रंग येतो तोच हा. साबण अल्कधर्मी असतो, शिकेकाईचं पाणी किंचित आम्लधर्मी. केस आणि त्वचा दोघांचाही कल आम्लाकडे असतो. त्वचेवरच्या या आम्ल आवरणाला १९२८ साली जर्मनीत शाडे आणि मार्किओनिनी यांनी नाव दिलं. अल्कधर्मी पाण्यात केस जास्त फुगतो आणि केसांमधलं घर्षण वाढतं.

बोअरच्या जड पाण्यात साबण लावला की डोक्यात चिकट, पांढरट लगदा बसतो. तो साबण आणि पाण्यातलं कॅल्शियम यांचा. सॅपोनिन असा लगदा करत नाही. साबणाने न्हायलेल्या केसांवरून लिंबू पिळलेलं तांब्याभर पाणी घेण्याची रीत त्यासाठीच उपयोगी पडते. आम्लाने तो लगदा सुटतो. मागून साध्या पाण्याने विसळावं. पण अख्खं लिंबू चेहऱ्यावर चोळू नये. लिंबाच्या सालीत आणि रसात अशी द्रव्यं असतात की त्यांच्यावर ऊन पडलं तर कातडी भाजल्यासारखी होते आणि काळे डाग महिनोन्महिने राहतात. खाण्याचा सोडाही तोंडाला लावू नये. त्याच हळदीच्या डागावर तो टाकून पाहा, का ते कळेल.

त्वचेचं वेगळं फार सांगायला नको, कारण तिचा बाहेरचा थरही केसासारखाच केराटिनने भरलेल्या मृत पेशींचा असतो. पंधरा-वीस पदरांचा, मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा. त्या पेशींच्या मधे स्निग्ध द्रव्यं भरलेली असतात आणि आपल्या अंगातलं पाणी त्यांनीच अडवून धरलेलं असतं. दिवाळीतल्या अभ्यंगाचा क्रम इथेही नेमका आहे: आधी तेल, मग उटणं. तेलात अंगावरचा तेलकट मळ विरघळतो, उटण्यातलं पीठ तो टिपून घेतं. मूग, मसूर, हरभरा यांच्या पिठात थोडं सॅपोनिनही असतं. वरणाची डाळ उकळताना वर येणाऱ्या फेसात प्रथिनांबरोबर त्याचाही हात असतो. तेलाचा हलका थर अंगावर राहून जातो, आणि कार्तिकातली कोरडी हवा सुरू होताना त्याचीच गरज असते.

घरी उटणं करायचं तर मसुराचं पीठ, आंबेहळद, नागरमोथा, वाळा आणि सावलीत वाळवलेली संत्र्याची साल पुरे. वस्त्रगाळ करून घ्यावं, कारण जाड कणांनी चेहरा ओरखडतो. पहिल्यांदा वापरताना कोपराच्या आतल्या बाजूला लावून दिवसभर थांबावं. वनस्पतीचंही वावडं असू शकतं. आणि कालवायचं ते लागेल तेवढंच, त्याच वेळी. ओलं पीठ उरलं तर टाकून द्यावं, उद्यासाठी ठेवू नये. त्यात रात्रीतून जंतू वाढतात.