द्राक्षाचा अर्क आणि सुरकुत्या

वणी-दिंडोरी परिसरात पिकणाऱ्या द्राक्षांच्या सालीत रेस्वेराट्रॉल (ऑक्सिडीकरणाने होणारी पेशींची हानी रोखणारे संयुग) असते हे खरे. परंतु प्रयोगशाळेतील पेशींवर ते परिणाम करते म्हणून त्याचे क्रीम सुरकुत्या घालवतेच असे ठरत नाही, कारण मात्रा, टिकाऊपणा आणि त्वचेत शिरण्याची क्षमता यांचा कस माणसांवरील चाचणीतच लागतो. त्या कसाला ट्रेटिनॉइन (अ जीवनसत्त्वाशी संबंधित, गरोदरपणात टाळायचे व डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायचे औषध) उतरले आहे. त्याहून मोलाचे साधे सनस्क्रीन: ऑस्ट्रेलियातील, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत साडेचार वर्षे ते रोज लावणाऱ्यांची त्वचा मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा कमी वार्धक्य दाखवत होती. उन्हाने मणी खराब होण्याआधीच बागाईतदार घडाला कागद गुंडाळतो, त्यासारखेच हे आहे.