पडद्यावरची राणी आणि कागदावरची राणी

आपल्या रेडिओवरच्या गप्पांत या वेळी विषय घेतलाय राजवाड्यातल्या मालिकांचा. भरजरी नऊवारी, नथ, समया, आणि खांबाआड उभं राहून कुणाचं तरी बोलणं ऐकणारी एक राणी. हे दृश्य आपल्याला पाठ झालंय.

‘स्वराज्यरक्षक संभाजी’ ही मालिका झी मराठीवर सप्टेंबर २०१७ ते फेब्रुवारी २०२० अशी अडीच वर्षं चालली. अमोल कोल्हे संभाजी महाराज झाले होते, प्राजक्ता गायकवाड येसूबाई. या मालिकेने घराघरांत इतिहासाची गोडी लावली, हे खरंच. पण रोजची मालिका कशी बनते, तेही आपण समजून घेऊया.

लढाई दाखवायची तर घोडे लागतात, शेकडो माणसं लागतात, मोकळं रान लागतं. महालात दोन बायका कुजबुजताना दाखवायला एक दालन पुरतं. शिवाय रोजचा भाग अशा जागी थांबवावा लागतो की उद्या आपण पुन्हा टीव्हीपुढे बसलं पाहिजे. म्हणून राजवाड्याच्या मालिकांत कारस्थानं वाढत जातात, आणि ती करायला बहुतेक वेळा एखादी बाईच सापडते.

सोयराबाईंचंच बघा. त्यांचं नाव निघालं की सावत्र आई, कपटी राणी, एवढंच आपल्या डोळ्यांपुढे येतं. इतिहास काय सांगतो? एप्रिल १६८० मध्ये शिवाजी महाराज गेले. त्यानंतर रायगडावर सोयराबाईंचे दहा वर्षांचे पुत्र राजाराम यांना गादीवर बसवलं गेलं. या बेतात अण्णाजी दत्तोंसारखे मोठे, मुरलेले कारभारी होते. उलट सोयराबाईंचे सख्खे भाऊ, सरसेनापती हंबीरराव मोहिते, संभाजी महाराजांच्या बाजूने उभे राहिले. संभाजी महाराजांनी रायगड ताब्यात घेतला. त्याच वर्षीच्या एका दानपत्रात त्यांनी सोयराबाईंचं मन स्फटिकासारखं निर्मळ असल्याचं लिहून ठेवलंय. पुढच्या वर्षी दुसरा कट उघड झाला, अण्णाजी दत्तोंना देहदंड झाला. सोयराबाईही त्याच वर्षी वारल्या.

म्हणजे गुंता मोठा होता. गादी, कारभाऱ्यांची सत्ता, आईची माया, सगळं त्यात होतं. आपल्या लक्षात मात्र राहिली एकटी बाई.

आता येसूबाई. त्या शृंगारपूरच्या शिर्क्यांच्या लेक. संभाजी महाराज मोहिमेवर असताना त्या कारभार बघत. ‘श्री सखी राज्ञी जयति’ अशी त्यांची स्वतःची मुद्रा होती. बाईच्या नावाच्या शिक्क्याने राज्याची कामं होत होती, हे आपण ध्यानात ठेवू.

मार्च १६८९ मध्ये औरंगजेबाने संभाजी महाराजांना ठार केलं. येसूबाईंचा मुलगा शाहू तेव्हा जेमतेम सात वर्षांचा. येसूबाईंनी काय केलं? स्वतःच्या लेकराऐवजी दीर राजाराम यांना पुढे केलं, त्यांना रायगडाबाहेर निघायला सांगितलं, आणि आपण मुलासह गडावर थांबल्या. नोव्हेंबरमध्ये रायगड पडला. मायलेक मोगलांच्या कैदेत गेले. शाहू १७०७ मध्ये सुटले, येसूबाई १७१९ मध्ये. जवळजवळ तीस वर्षं कैदेत गेली! ज्या बादशहाने त्यांना कैद केलं, त्याची कबर आपल्याच जिल्ह्यात खुलताबादला आहे. आपलं शहर आता संभाजी महाराजांचं नाव सांगतं. ते नाव घेताना येसूबाईंचीही आठवण ठेवायला हवी.

मैत्रिणींनो, हे सगळं कशासाठी सांगितलं? मालिका बघून बघून एक सवय आपल्याही अंगी मुरते. गटात एखादीने कर्जाचा हिशेब विचारला, की ‘ही राजकारण करते’. माहेरच्या जमिनीत वाटा मागितला, की ‘ही कळलावी’. मुलीचा वाटा मुलाइतकाच, असं २००५ च्या कायद्याने ठरवलंय. तरी मागणारीच वाईट ठरते. तिला वाईट ठरवणाऱ्यांत पुष्कळदा आपणच असतो.

मालिका जरूर बघा. आम्हीही बघतो. फक्त गटाच्या पुढच्या बैठकीत तीन प्रश्नांवर बोला. यातलं घडलेलं किती आणि रंगवलेलं किती? कारस्थानात पुरुष कोण होते, आणि दोष कुणाच्या माथी आला? आणि या राणीने राज्याचं कोणतं काम केलं, ते दाखवलं का? तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ आलं, तर शाळेतल्या गुरुजींना, बाईंना विचारा, वाचनालयातून पुस्तक आणा, नाहीतर लेकीला वाचून दाखवायला सांगा.

तुमच्या गटात काय बोलणं झालं, ते आम्हाला कळवा. पुढच्या कार्यक्रमात आपण ते सगळ्यांना ऐकवू.