लोसारचे खाप्से

म्हैसूरहून मडिकेरीकडे जाणाऱ्या हमरस्त्याने सुमारे 80 कि.मी. गेल्यावर, कावेरी ओलांडून कोडगूत शिरण्यापूर्वी, बैलकुप्पे हे गाव लागते. गाव कानडी मुलखातले, म्हैसूर जिल्ह्याच्या पिरियापट्टण तालुक्यातले. परंतु त्याच्या आसपास पसरलेल्या वसाहतींत राहणारे लोक तिबेटी आहेत. मक्याची शेते, त्यांच्या कडेने फडफडणाऱ्या पंचरंगी प्रार्थना-पताका आणि दूरवर दिसणारी विहारांची सोनेरी शिखरे असे येथील दृश्य आहे. माघ-फाल्गुनाच्या सुमारास या वसाहतींतून फिरणाऱ्या मराठी माणसाला मात्र एक गोष्ट अगदी ओळखीची वाटेल. घराघरांतून तळणीचा वास येत असतो. पोळपाटावर मैद्याची जाड पोळी लाटली जात असते, तिचे शंकरपाळ्यांसारखे तुकडे कापले जात असतात आणि घरातील मुले कच्चे तुकडे पळवीत असतात.

हे पदार्थ म्हणजे खाप्से होत. तिबेटी भाषेत ‘खा’ म्हणजे तोंड आणि ‘से’ म्हणजे अन्न. ‘लो’ म्हणजे वर्ष आणि ‘सार’ म्हणजे नवे. नव्या वर्षाच्या, म्हणजेच लोसारच्या, आगमनासाठी केलेले खाप्से हा तिबेटी घरातील वर्षाचा सर्वांत मोठा पाकव्यवहार आहे.

सणासाठी घरी खाऊ करून ठेवण्याची ही रीत जगभर आढळते. नाताळात गोव्यातील व कोकणपट्टीवरील ख्रिस्ती कुटुंबे नेवऱ्या व कुलकुल तळतात आणि त्यांचे ताट शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे पाठवितात. कुलकुलाची छोटी गोळी काट्याच्या किंवा फणीच्या पाठीवर दाबून वळली की तिला शिंपल्यासारखी रेघांची नक्षी येते. युरोपच्या उत्तर टोकाला, नॉर्वेमध्ये, नाताळासाठी ‘फाटिगमान’ नावाची तळलेली बिस्किटे करतात. शंकरपाळ्याच्या आकाराचा तुकडा कापून त्याच्या मध्यभागी चीर देतात आणि एक टोक त्या चिरेतून ओढून घेतात. नेमकी हीच युक्ती बैलकुप्प्यातील तिबेटी गृहिणी करते. हजारो मैलांच्या अंतरावर राहणाऱ्या लोकांच्या हातांना एकच युक्ती सुचली, हे वरवर नवलाचे वाटते. परंतु त्यामागील कारण साधे आहे. चिरेतून ओढलेला तुकडा सर्व बाजूंनी सारखा तळला जातो, जाड भाग कच्चा राहत नाही आणि थोड्या पिठात पाहुण्यापुढे ठेवण्याजोगा देखणा पदार्थ तयार होतो.

या सर्व पदार्थांचे शास्त्रही एकच आहे. एक किलो मैद्याला सुमारे 200 ग्रॅम लोणी व 250 ग्रॅम साखर, आणि पीठ घट्ट भिजेल इतपत दूध, असे खाप्सेचे एक घरगुती प्रमाण सांगता येईल. प्रत्येक घराचे प्रमाण थोडे निराळे असते. लोणी वितळवून पिठाला चोळतात. मराठी स्वयंपाकघरात याला मोहन घालणे म्हणतात. गव्हाच्या पिठातील प्रथिने पाण्याच्या संपर्कात येऊन लवचिक धागे बनवितात. स्निग्ध पदार्थाचे आवरण पिठाच्या कणांवर बसले म्हणजे या धाग्यांची वाढ खुंटते आणि पदार्थ चिवट न होता खुसखुशीत होतो. मोहन कमी पडले तर खाप्से दाताला टणक लागतात. अधिक झाले तर तळणीत विरघळतात. भिजविलेले पीठ अर्धा तास झाकून ठेवतात, मग लाटतात, कापतात आणि मध्यम आचेवर तळतात. आच मोठी असेल तर साखरेमुळे बाहेरची बाजू चटकन करपते व आतील ओल तशीच राहते. ही ओल पूर्णपणे निघून जाणे फार महत्त्वाचे असते. पाण्याचा अंश उरला नाही म्हणजे बुरशीला वाव राहत नाही, आणि घट्ट झाकणाच्या डब्यात खाप्से अनेक आठवडे टिकतात. पंधरा दिवस चालणाऱ्या व पाहुण्यांच्या वर्दळीच्या सणाला असाच पदार्थ हवा असतो.

खाप्सेचे आकार अनेक आहेत. काही पिळाच्या दोरीसारखे, काही गाठ मारलेल्या फितीसारखे, काही फुलासारखे, तर काही नुसते चौकटीचे लहान तुकडे. या सर्वांत मानाचा प्रकार म्हणजे ‘बोंगु आमचो’. या शब्दांचा अर्थ गाढवाचे कान असा आहे. हे कान लांबट, पोकळ व चांगले हातभर मोठे असतात. ते तळणे हे जाणत्या माणसाचे काम समजले जाते. कारण मोठ्या कढईत एकेक कान लांब काठ्यांनी सावरीत, त्याचा बाक न मोडता, दोन्ही बाजूंनी तळावा लागतो. हे कान प्रथमतः खाण्यासाठी नसतातच. घरातील देवघरापुढे त्यांची उभी आडवी रचना करून एक मनोरा उभारतात. त्याला ‘देरगा’ म्हणतात. मनोऱ्यावर लहान खाप्से, सुका मेवा, मिठाई व वाळविलेल्या चीजच्या माळा ठेवतात. नव्या वर्षाच्या पहिल्या प्रहरी दिसणारा हा मनोरा भरलेला असला म्हणजे वर्षही भरलेले जाईल, अशी त्यामागील भावना आहे. सणानंतर मनोरा उतरवितात, कान मोडून वाटतात आणि मीठ-लोण्याच्या चहात बुडवून खातात.

तिबेटमध्ये या मनोऱ्याचा अर्थ अधिक प्रखर होता. ल्हासा शहर सुमारे 3,650 मीटर उंचीवर आहे. तेथे पाणी 88 अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळते आणि म्हणून धान्य शिजण्यास फार वेळ लागतो. तापलेल्या तेलाला ही मर्यादा नसते. तरीही तळणे ही रोजची गोष्ट नव्हती. सामान्य माणसाचे नित्याचे अन्न म्हणजे भाजलेल्या जवाचे पीठ, त्साम्पा. ते चहात कालवून, मळून खाल्ले की जेवण होई. त्याला सरपणही फारसे लागत नसे. गव्हाचे पांढरे पीठ, तेल, साखर आणि भरपूर लोणी या चारही वस्तू एकाच दिवशी घरात असणे हीच सुबत्ता होती. साखर बाहेरून येई. लोणी ‘द्री’चे, म्हणजे याकच्या मादीचे असे. महाराष्ट्रात रोज ज्वारी-बाजरीची भाकरी खाणाऱ्या घरात दिवाळीला तळण होई, त्याचेच हे हिमालयापलीकडील रूप म्हणता येईल.

1959 च्या मार्चमध्ये दलाई लामा भारतात आले आणि त्यांच्यामागोमाग हजारो तिबेटी सीमा ओलांडून आले. यांपैकी अनेकांना आरंभी हिमालयाच्या पायथ्याशी रस्ते बांधण्याच्या कामावर जावे लागले. कायम वस्तीसाठी जमीन देण्यास तत्कालीन म्हैसूर राज्याने पुढाकार घेतला. बैलकुप्पे येथे सुमारे 3,000 एकर जागा मिळाली व 1960 च्या अखेरीस पहिली तुकडी तेथे पोहोचली. ही वसाहत लुगसुंग सामदुपलिंग या नावाने ओळखली जाते. 1969 मध्ये शेजारीच डिकी लारसो ही दुसरी वसाहत उभी राहिली. दरम्यान 1963 मध्ये नामड्रोलिंग विहाराची स्थापना झाली होती आणि 1970 मध्ये ल्हासाजवळील सेरा या महाविहाराची पुनःस्थापना येथे झाली.

आलेल्या लोकांपुढे जंगल होते. तंबूंत व बांबूच्या झोपड्यांत राहून त्यांनी ते तोडले. हत्तींचा उपद्रव होता. थंड व कोरड्या हवेची सवय असलेल्या शरीरांना आठशे-साडेआठशे मीटर उंचीवरील उष्ण व दमट हवा मानवेना. रोगराईने अनेक माणसे दगावली. जव तेथे पिकत नव्हता, याक जगणे शक्य नव्हते. लोक मका व नाचणी लावण्यास शिकले, गाई पाळू लागले.

अशा स्थितीत लोसारच्या ताटातील एकेक वस्तू बदलत गेली. द्रीच्या लोण्याची जागा गाईम्हशींच्या लोण्याने, डालड्याने आणि पुढे तेलाने घेतली. मैदा व साखर मात्र भारतातील कोणत्याही बाजारात मिळत होती. त्यामुळे तिबेटमध्ये दुर्मिळ असलेल्या दोन वस्तू येथे सुलभ झाल्या. ‘देसी’ हा दुसरा गोड पदार्थ पाहिला तरी हेच दिसते. शिजविलेल्या भातात लोणी, साखर आणि ‘द्रोमा’ नावाच्या रानवनस्पतीची लहान, गोडसर मुळे घालून तो करतात व लोसारच्या सकाळी प्रत्येकाला थोडा थोडा देतात. द्रोमा उंच पठारावरील वनस्पती आहे. दक्षिणेत ती सहजी मिळत नाही म्हणून तिच्या जागी बेदाणे व काजू आले. भात तर कावेरीच्या खोऱ्यात मुबलकच होता.

बदलले नाहीत ते आकार आणि क्रम. जुन्या वर्षाच्या अखेरच्या महिन्यातील 29 व्या रात्री अजूनही ‘गुथुक’ हे नऊ जिनसांचे सूप होते. त्यातील पिठाच्या मोठ्या गोळ्यांत कोळसा, मिरची, मीठ, लोकर असे काहीबाही लपविलेले असते आणि ज्याच्या वाट्याला जे येईल त्यावरून त्याच्या स्वभावाची थट्टा होते. पहिल्या दिवशी पाहुण्यापुढे दोन कप्प्यांची कोरीव लाकडी पेटी धरतात. एका कप्प्यात लोणी लावलेला त्साम्पा व दुसऱ्यात भाजलेले धान्य असते. पाहुणा चिमूटभर उचलून हवेत उधळतो, थोडे तोंडात टाकतो आणि ‘टाशी देलेक’ म्हणतो. देवघरात मातीच्या कुंडीत गव्हाचे किंवा जवाचे कोवळे अंकुर ठेवलेले असतात. नवरात्रातील घटाशी परिचित असलेल्या वाचकाला त्याचे स्पष्टीकरण देण्याची आवश्यकता नाही. आणि या सर्वांच्या मागे गाढवाच्या कानांचा मनोरा असतो. बैलकुप्प्यात जन्मलेल्या मुलाने पठार पाहिलेले नसते. परंतु आजोबांच्या देवघरात जसा मनोरा असे, तसाच तो पाहतो. आणि तो रचण्याची रीत त्याच्या हाताला शिकविली जाते.

खाप्सेचे काम एकट्याचे नव्हे. सणापूर्वी आठ-पंधरा दिवस नातेवाईक व शेजारी एकत्र बसतात. कोणी मळतो, कोणी लाटतो, कोणी आकार देतो, कोणी कढईपाशी उभा राहतो. विहारांच्या मोठ्या मुदपाकखान्यांत भिक्षूच हे काम करतात. या वसाहतींतील पुष्कळ कुटुंबे हिवाळ्यात भारतातील शहरांतून स्वेटर विकण्यास जातात. पुण्या-मुंबईच्या पदपथांवर दिसणारे तिबेटी बाजार मराठी वाचकांना ठाऊक आहेतच. थंडी ओसरली की हे विक्रेते लोसारसाठी घरी परततात. हंगामाची कमाई, विखुरलेल्या कुटुंबाचे एकत्र येणे आणि तळणीचे दिवस या तिन्ही गोष्टी एकाच वेळी येतात. महाराष्ट्रातही अशी एक वसाहत आहे. आजच्या गोंदिया जिल्ह्यातील गोठणगाव येथे 1972 मध्ये स्थापन झालेल्या नोर्ग्येलिंग वसाहतीतही लोसार असाच येतो.

सणाचा गोडवा हा केवळ जिभेचा विषय नव्हे, याचा प्रत्यय दोन वेळा विशेषत्वाने आला. 2008 मध्ये तिबेटमध्ये घडलेल्या घटनांत जे मृत्यू पावले त्यांच्या स्मरणार्थ 2009 चा लोसार निर्वासित समाजाने आनंदोत्सवाविना पाळला. 2012 मध्येही आत्मदहनांच्या पार्श्वभूमीवर निर्वासित प्रशासनाने तसेच आवाहन केले. पूजा व धार्मिक विधी करावेत, मेजवान्या व नाचगाणी करू नयेत, असे त्याचे स्वरूप होते. घरात मृत्यू झाला असता मराठी कुटुंब त्या वर्षी सण करीत नाही. येथे एका संपूर्ण समाजाने तोच नियम स्वतःला लावून घेतला. गोड न करणे हीदेखील एक भाषा आहे, आणि जो समाज गोड करणे गांभीर्याने घेतो त्यालाच ती बोलता येते.

आज खाप्सेपुढील प्रश्न निराळा आहे. साहित्याची टंचाई उरलेली नाही. टंचाई आहे ती हातांची. गेल्या काही दशकांत वसाहतींतील अनेक तरुण शिक्षण व नोकरीसाठी मोठ्या शहरांत आणि पुढे युरोप-अमेरिकेत गेले आहेत. मागे राहिलेल्या वृद्धांना मोठी कढई उचलत नाही. तयार खाप्से विकत घेता येतात, आणि त्यांत वावगे काही नाही. महाराष्ट्रातही दिवाळीचा फराळ विकत आणणे आता रूढ झाले आहे. तथापि गाढवाचा कान बाक न मोडता कसा तळावा हे कोणत्याही पुस्तकात वाचून येत नाही. ते कढईपाशी उभे राहूनच शिकावे लागते. पहिल्या पिढीने लोणी गमावले, जव गमावला, परंतु ही विद्या गमावली नाही. कारण ती हातांत होती आणि हात सोबत आले होते. पुढील पिढीकडे सर्व साहित्य आहे. परदेशातील लहानशा स्वयंपाकघरात ती ज्या वर्षी आईला दूरध्वनीवर विचारून पीठ भिजविते, त्या वर्षी तेथेही देवघरापुढे, बोटभर उंचीचा का होईना, एक मनोरा उभा राहतो.