वजन वाढवायचे आहे? आधी ताटाचा हिशेब मांडा

"अंगाला काही लागत नाही, डॉक्टर, एखादे चांगले टॉनिक लिहून द्या," ही मागणी माझ्याकडे आठवड्यातून चार-पाच वेळा तरी येते. माझा दवाखाना पुण्याला सदाशिव पेठेत आहे. या पेठेत आणि शेजारच्या नवी, नारायण, शनिवार पेठांत स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी हजारो मुले-मुली कॉट बेसिसवर राहतात, दिवसभर अभ्यासिकेत बसतात आणि मेसवर जेवतात. त्यांत आपल्या जिल्ह्यातलीही पुष्कळ आहेत. बोलण्यावरून ओळखू येतात. म्हणून आजचा लेख मुख्यतः त्यांच्या आईवडिलांसाठी. मुलांनी वाचला तर उत्तमच.

टॉनिक मागणाऱ्याला मी आधी वजनकाट्यावर उभा करतो आणि मग काल सकाळपासून रात्रीपर्यंत पोटात काय काय गेले ते एकेक करून विचारतो. "जेवतो की व्यवस्थित" हे उत्तर मी धरत नाही. खोदून विचारले की हिशेब साधारण असा निघतो. सकाळी चहा आणि चार ग्लुकोज बिस्किटे, म्हणजे दीडशे कॅलरी. दुपारी डब्यातल्या दोन पोळ्या, भाजी आणि थोडा वरण-भात, साडेचारशे. संध्याकाळी वडापाव आणि चहा, साडेतीनशे. रात्री राहिलेल्या दोन पोळ्या-भाजी, तीनशे. एकूण साडेबाराशे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली ठरवलेल्या प्रमाणानुसार ६५ किलो वजनाच्या बैठे काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला २११० कॅलरी लागतात, आणि ५५ किलो वजनाच्या स्त्रीला १६६०. वजन कमी असेल तर गरजही थोडी कमी धरा. तरीही खड्डा मोठाच राहतो.

एका वेळच्या डब्यात दोन वेळा का भागवता, असे विचारले की मुले खाली बघतात. कधी कधी तर एक डबा दोघांत असतो. खोलीचे भाडे, अभ्यासिकेची फी, क्लास, पुस्तके यांना कात्री लावता येत नाही. कात्री लागते ती जेवणाला, आणि फोनवर ती कोणाला दिसत नाही. घरी परिस्थिती बेताची, दुसरा प्रयत्न हुकलेला, तिसऱ्यासाठी वडिलांकडे पैसे मागायचे जिवावर आलेले. अशा मुलाला "नीट जेवत जा" एवढे सांगून काही होत नाही.

पुण्याला हे नवीन नाही. पूर्वी गरीब विद्यार्थी इथे वार लावून किंवा माधुकरी मागून शिकत. सदाशिव पेठेतले पुणे विद्यार्थी गृह १९०९ साली 'अनाथ विद्यार्थी गृह' म्हणून सुरू झाले ते अशाच मुलांसाठी. वारावर जेवण्यात मिंधेपणा होता, त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण सोमवारी मुलगा दोनच घास खाऊन उठला तर त्या घरची बाई विचारत तरी असे. मेसच्या डब्याला तोंड नसते.

विद्यार्थ्याने अल्पाहारी असावे, असे आपल्याकडे सांगतात. अल्पाहार वेगळा आणि अर्धपोटी राहणे वेगळे. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे सुमारे १५७० कॅलरींवर ठेवले होते. त्यांचे वजन जवळजवळ एक चतुर्थांशाने घटले. बुद्धीच्या चाचण्यांत फारसा फरक पडला नाही. पण माणसे चिडचिडी आणि उदास झाली, त्यांना सतत थंडी वाजे, लक्ष लागत नाही म्हणून ती कुरकुरत, आणि दिवसभर डोक्यात जेवणाचेच विचार. "वाचलेले लक्षात राहत नाही" म्हणून मेंदूची गोळी मागणाऱ्यांपैकी अनेकांचे दुखणे हेच असते.

दुसरा धोका क्षयाचा. शरीर खंगले की फुप्फुसात गप्प पडून असलेला क्षयाचा जंतू डोके वर काढतो, आणि एका खोलीत चार-चार कॉट असल्या की तो पसरायलाही वेळ लागत नाही. झारखंडमध्ये क्षयरोग्यांच्या घरच्या माणसांना दरमहा माणशी ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या देऊन पाहिल्या. हा अभ्यास २०२३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. ज्यांना धान्य मिळाले त्यांच्यात नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी होते. डाळ-तांदळाने एवढे काम केले!

म्हणून वजन कमी असेल तर आधी तपासणी, मग लाडू. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळची कणकण, रात्री घाम, बेडक्यात रक्त यांपैकी काही असेल तर बेडका आणि छातीचा फोटो तपासलाच पाहिजे. सरकारी दवाखान्यात ही तपासणी व औषधे मोफत आहेत. भरपूर खाऊनही वजन उतरत असेल तर थायरॉइड आणि रक्तातली साखर पाहावी. मुलींची पाळी दोन-तीन महिने आली नसेल तर ते अपुऱ्या खाण्याचेही लक्षण असू शकते. जेवणावरची वासनाच उडाली, झोप नाही, कशातच राम वाटत नाही, असे असेल तर दुखणे मनाचे असू शकते. त्यालाही औषध आहे. वजन कमी म्हणजे किती? उंची पाच फूट सात इंच असेल तर साडेत्रेपन्न किलोच्या खाली नसावे.

आता खाण्याचे. बरेच दिवस कमी खाणाऱ्याचे पोट थोडक्यात भरते, कारण जठर रिकामे व्हायलाही जास्त वेळ घेते. त्याला एकदम चार पोळ्या वाढल्या तर तो दुसऱ्या दिवशी ताटावर बसणार नाही. तेव्हा ताट मोठे करू नका, आहे त्या घासातला कस वाढवा. एक ग्रॅम पिठात किंवा साखरेत चार कॅलरी असतात, एक ग्रॅम तेलातुपात नऊ. वरण-भातावर दोन छोटे चमचे तूप घातले की पोटात जागा न अडता नव्वद कॅलरी वाढतात. मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचा खडा मिळून दोनशे. पेलाभर दूध आणि एक केळे, सव्वादोनशेच्या पुढे. अंडी चालत असतील तर दोन उकडलेली, दीडशे; शिवाय बारा ग्रॅम उत्तम प्रथिने. हे सगळे जमले तर साडेसहाशे झाले, आणि जेवणाचा डबा तोच आहे. वडापाव आणि चहाच्या पैशांत दाणे, गूळ आणि केळे येते, हे मी मुलांना कागदावर लिहून देतो.

खाण्याच्या वेळा पाच कराव्यात. अभ्यासिकेच्या पिशवीत दाण्यांची पुडी असावी. चहा हा मोठा शत्रू आहे. तो भूक मारतो आणि जेवणाबरोबर घेतला तर अन्नातले लोहही अंगी लागू देत नाही. जेवणाच्या आधी-नंतर तासभर तो नकोच. एरवी मी सगळ्यांना आधी काकडी-गाजर खा म्हणतो, या मुलांना मात्र ते शेवटी खायला सांगतो. जेवणाआधी तांब्याभर पाणी पिऊ नये.

खोलीवर गॅस नसतो, म्हणून घरून येणारा डबा महत्त्वाचा. चिवडा-चकली हौसेला ठीक. त्यापेक्षा दाण्याचे किंवा डिंकाचे लाडू, भरपूर तेल घातलेली शेंगदाण्याची नाहीतर जवसाची चटणी, मेतकूट आणि सातूचे पीठ पाठवा. सातू दुधात किंवा पाण्यात गूळ घालून कालवला की झाले; शिजवावा लागत नाही, पावसाळ्यातही घट्ट झाकणाच्या डब्यात टिकतो.

वजन वाढवण्याच्या गोळ्यांच्या नादी लागू नका. काहींनी नुसती झोप येते, म्हणजे अभ्यासही गेला. काहींत स्टेरॉइड असते. त्याने चेहरा फुगतो, हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते. महागड्या पावडरीत दूध, साखर आणि डाळ यांच्यापलीकडे फारसे नसते. वजन हवे म्हणून वनस्पती तुपातली मिठाई आणि कोल्ड्रिंक यांवर भर देणेही चूक. पुण्याच्याच के.ई.एम. हॉस्पिटलचे डॉ. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळांचा अभ्यास केला. जन्मतः ही बाळे हडकुळी, पण त्यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण जास्त, असे त्यांना आढळले. हाडापेराने बारीक माणसालाही मधुमेह होतो तो यामुळे. वाढलेले वजन पोटावर न जाता दंडा-मांडीवर जावे यासाठी सूर्यनमस्कार, बैठका हव्यात. पहाटे उपाशीपोटी पर्वती चढणाऱ्यांनी निदान एक केळे खाऊन निघावे.

या रीतीने आठवड्याला पाव किलो वजन वाढले तरी समाधान मानावे. महिनाभरात काहीच फरक पडला नाही तर पुन्हा डॉक्टरांकडे जावे. एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. पाच-सहा दिवस पोटात जवळजवळ काहीच गेले नसेल, किंवा माणूस फारच खंगला असेल, तर घरी भरमसाट खाऊ घालू नका. अशा शरीरात अन्न एकदम गेले की रक्तातले क्षार झपाट्याने उतरतात आणि हृदयावर बेतू शकते. त्याला रुग्णालयातच हळूहळू खाण्यावर आणावे लागते.

आणि मुलाला फोन कराल तेव्हा "जेवलास का?" असे विचारू नका, त्याला "हो" म्हणून मोकळे होता येते. "काल रात्री काय जेवलास?" असे विचारा. पुण्यातल्या बहुतेक मेस रविवारी संध्याकाळी बंद असतात. सोमवारी सकाळी फोन केलात तर उत्तर जास्त खरे मिळेल.