तांदळातला पांढरा खडा

मराठीतले 'निवडणे' हे क्रियापद मोठे सोशिक आहे. आपण मेथीची जुडी निवडतो, तांदूळ निवडतो, सून निवडतो आणि आमदारही निवडतो. धान्याच्या बाबतीत तर आपल्या बायकांनी या कामाचे शास्त्रच करून ठेवले आहे. चाळणीने चाळायचे ते आकार पाहून. सुपात पाखडायचे ते वजन पाहून. फोल उडते, दाणा राहतो. यातून जे सुटेल ते परातीत पसरून डोळ्यांनी टिपायचे, म्हणजे रंग पाहून. एवढे सोपस्कार झाल्यावरही गारेचा एखादा पांढरा खडा, दाण्याएवढा आणि दाण्याच्याच रंगाचा, भातापर्यंत पोचतो आणि हटकून पाहुण्यांच्या दाताखाली येतो.

निवड करायची तर आधी फरक लागतो, आणि तो कुठे पाहायचा हे ठाऊक असावे लागते. बँकेतून निवृत्त झाल्यावर माझ्या एका कादंबरीतल्या डॉक्टरला बोलता यावे म्हणून मी औषधांचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा तिथेही हाच परातीतला प्रश्न निघाला. रोगजंतू मरावा आणि रोगी जगावा, हे साधायचे कसे?

पाउल एर्लिख हा १८५४ साली जन्मलेला जर्मन डॉक्टर विद्यार्थिदशेपासूनच रंगांच्या नादी लागलेला होता. कापड रंगवण्याचे कृत्रिम रंग त्या काळी जर्मनीत नव्यानेच निघत होते. एर्लिख ते सूक्ष्मदर्शकाखाली पेशींवर टाकून पाही. एखादा रंग एका जातीच्या पेशीला घट्ट धरी आणि शेजारणीला शिवतही नसे. रंग जर असा माणूस ओळखून वागतो, तर विष का वागू नये? १८९१ साली त्याने मिथिलीन ब्लू हा निळा रंग चक्क हिवतापाच्या रोग्यांना औषध म्हणून देऊन पाहिला. (लहानपणी तोंड आल्यावर आईने जिभेवर फासलेले ते जांभळे औषध आठवते? जेन्शन व्हायोलेट. तोही रंगच.) पुढे १९०९ साली त्याच्या प्रयोगशाळेत साहाचिरो हाता या जपानी सहकाऱ्याला ६०६ क्रमांकाचे संयुग उपदंशाच्या जंतूंवर लागू पडते असे आढळले. दुसऱ्याच वर्षी ते साल्व्हारसान या नावाने बाजारात आले. त्यात आर्सेनिक होते, म्हणजे जुन्या रहस्यकथांत ज्याने खून होत तो सोमल! रोग्यालाही त्याचा त्रास होई, पण जंतूला अधिक होई, आणि त्या 'अधिक'वरच पुढचे सारे औषधशास्त्र उभे राहिले. एर्लिखने आपल्या कल्पनेला जादूची गोळी म्हटले होते. मराठीत तर बंदुकीची आणि औषधाची गोळी एकच. आपल्याला ती कल्पना समजावून सांगावी लागत नाही.

पेनिसिलिनने हा फरक फारच सोयीच्या जागी शोधला. फ्लेमिंगच्या बुरशीची गोष्ट आपण शाळेत वाचली आहे, ती पुन्हा सांगत नाही. मला मौज वाटते ती त्याच्या कामाच्या रीतीची. जंतूच्या पेशीभोवती एक टणक भिंत असते. माणसाच्या पेशीला अशी भिंत नाही, नुसता पातळ पडदा. पेनिसिलिन भिंतीचे बांधकाम अडवते. वाढता जंतू फुटतो. ज्याचे घर बिनभिंतीचे, त्याचे हे औषध काय पाडणार? पिंपरीला १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा राहिला तो याच औषधासाठी. अर्थात भिंत आपल्या आतड्यातल्या उपकारक जंतूंनाही असते. पेनिसिलिन जातीच्या औषधांनी पुष्कळांचे पोट बिघडते ते त्यामुळे.

शरीराच्या आत मात्र निवडीची एक अगदी उलटी तऱ्हा आहे, आणि ती वाचून मी थक्क झालो. आपली मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर पाणी रक्तातून गाळून बाहेर काढतात. आपल्या अंगात रक्तद्रव असतो जेमतेम तीन लिटर. म्हणजे तो दिवसातून साठ वेळा गाळला जातो. मग त्या १८० लिटरांतून साखर, मीठ आणि पाणी असे हवे तेवढे परत उचलले जाते, आणि दीड-दोन लिटर तेवढे टाकून दिले जाते. एकेक घाण हुडकून फेकण्याऐवजी आधी सगळे अंगणात काढायचे आणि आपले तेवढे घरात घ्यायचे. दिवाळीपूर्वी माळा आवरणाऱ्या गृहिणींना यात नवे काही वाटणार नाही. पण याचा फायदा मोठा आहे. उद्या एखादे कधी न पाहिलेले विष रक्तात आले, तर ते ओळखण्याची गरज बहुधा पडत नाही. त्याला कोणी परत बोलावत नाही, एवढ्यावरच ते बाहेर जाते.

याच मूत्रपिंडाने गिधाडांचा मात्र घात केला. डायक्लोफिनॅक ही वेदनाशामक गोळी आपल्यापैकी कित्येकांनी गुडघ्यासाठी घेतली असेल. गुराढोरांनाही ती देत आणि ती त्यांना मानवे. पण असे जनावर मेल्यावर ज्या गिधाडांनी ते खाल्ले, त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. नव्वदच्या दशकापासून पुढच्या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडे भारतात शेकडा नव्याण्णवाहून अधिक घटली. मुंबईत मलबार हिलवरच्या पारशी दोखम्यांवरचे आकाश ओस पडले. कारण उमगले २००४ साली. २००६ साली जनावरांसाठी या औषधाला भारतात बंदी झाली. गिधाडांना न बाधणारे मेलॉक्सिकॅम उपलब्ध होतेच. माणूस, गाय आणि कारखानदार या तिघांच्या दृष्टीने डायक्लोफिनॅक उत्तम होते. चौथ्याला कोणी विचारले नव्हते.

बँकेत माझे कामही निवडीचेच. अर्ज यायचे, त्यातून कर्ज कोणाला द्यायचे ते ठरवायचे. या कामातली एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. बुडालेले कर्ज बोलते. त्याची फाइल फुगते, ऑडिटवाले येतात, खुलासे मागवले जातात. पण चांगल्या माणसाला नाकारले, तर त्याचा पत्ताही लागत नाही, कारण त्याचे खातेच उघडलेले नसते. एका तालुक्याच्या गावी मिरची-मसाल्याच्या कांडप यंत्रासाठी एका विधवा बाईंचा अर्ज मी शिफारस करून वर पाठवला होता. 'तारण नाही' एवढ्या दोन शब्दांनिशी तो परत आला. त्या बाईंचे पुढे काय झाले, हे कोणत्याही खातेवहीत नाही. साहजिकच साहेब लोक चाळणीची भोके दरवर्षी बारीक करत जातात आणि हिशेब स्वच्छ दिसतो. मूत्रपिंडाला फेकलेले परत उचलता येते. बँकेत नामंजूर अर्जांचे गठ्ठे काही वर्षांनी रद्दीत जातात.

बँकेतला दुसरा अनुभव म्हणजे बाहेरच्या भामट्यापेक्षा आतला जड जातो. बनावट सही पकडता येते. पण खरी सही, खरी किल्ली आणि खरा हुद्दा असलेला माणूसच जेव्हा हात मारतो, तेव्हा तपासायचे काय? कर्करोगात डॉक्टरांची हीच पंचाईत. तिथे जंतू नसतो, आपलीच पेशी असते. परातीतला पांढरा खडा तो हाच! म्हणून जुन्या औषधांनी एकच ढोबळ फरक धरला: जी पेशी भराभर वाढते तिला मारा. केसांची मुळेही भराभर वाढतात, आतड्याचे अस्तरही. केस गळतात, उलट्या होतात.

रक्ताच्या एका कर्करोगात मात्र फरक सापडला. १९६० साली फिलाडेल्फियात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना अशा रोग्यांच्या पेशीत एक गुणसूत्र आखूड दिसले. १९७३ साली जॅनेट राऊली यांनी दाखवले, की नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची तिथे अदलाबदल झालेली असते. त्या चुकीच्या सांध्यामुळे निरोगी पेशीत नसलेले एक प्रथिन तयार होते आणि पेशीला अखंड 'वाढ, वाढ' असा हुकूम सोडत राहते. इमॅटिनिब हे औषध त्या प्रथिनाच्या खाचेत जाऊन बसते. अमेरिकेत त्याला २००१ साली मान्यता मिळाली. नेम तसा अगदी अचूक नव्हता; आणखी एक-दोन प्रथिनांनाही ते अडवते. पण त्यातले एक पोटाच्या एका दुर्मीळ गाठीच्या मुळाशी निघाले आणि तिच्यावरही तेच औषध चालू लागले.

आमच्या शाखेतल्या एका कॅशियरना २००९ साली हा रोग निघाला. त्यांना सगळे दादा म्हणत. परदेशी कंपनीचे औषध महिन्याला लाखाच्या वर जाई. दादांना परवडले ते इथल्या कंपनीचे, काही हजारांत मिळणारे. २०१३ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसचा पेटंटचा दावा फेटाळला, तेव्हा शाखेत पेढे वाटणारे दादाच. मी त्यांना गुणसूत्रांची हकिगत सांगू लागलो तर म्हणाले, "अहो साहेब, गड्डीतून खोटी नोट काढावी तसंच की! फक्त या गोळीला दिवा लागत नाही."

आता दर नोव्हेंबरात आम्ही दोघे हयातीचा दाखला द्यायला बरोबर जातो. गेल्या खेपेला काउंटरवरच्या मुलीने फॉर्म पाहत विचारले, "काका, काही बदल?"

"काही नाही गं," दादा म्हणाले, "मागच्या वर्षीचाच माणूस आहे."