अंगवळणी पडलेली भक्ती

चांगली सवय ही देवाची देणगी आहे, हे प्रथमच सांगितले पाहिजे. ज्या घरी दिवेलागणीस जपमाळ म्हणण्याचा परिपाठ असतो, त्या घरी दुःखाच्या प्रसंगीही प्रार्थना खंडित होत नाही. घरधनी निवर्तला, तोंडून शब्द फुटेनासा झाला, तरी ‘नमो मरिया’ ओठांवर आपोआप येते, आणि त्या रात्री त्या माउलीस तेवढाच आधार होतो. कापसाच्या बाजारातून अंधारात परतणाऱ्या बंडीचे बैल, धनी पेंगला तरी घरची वाट चुकत नाहीत. सवयीचेही तसेच आहे. परंतु धनी रोजच झोपेत राहिला, तर बैल त्यास जुन्याच वाटेने नेतील. ज्या शेजाऱ्याच्या दारी जाणे आज अगत्याचे होते, तेथे ती बंडी कधीच वळणार नाही.

आपल्या भक्तीची बंडी अशी आपसूक चालली आहे काय, हे अधूनमधून पाहणे अवश्य आहे. जपमाळेचे पन्नास मणी भराभर सरतात. पण आज कोणते रहस्य चिंतिले, असे विचारले तर मुले एकमेकांकडे पाहतात. दोघे भाऊ एकाच मंदिरात रविवारी ख्रिस्तप्रसाद स्वीकारतात. पण धुऱ्याच्या वादावरून कित्येक वर्षे एकमेकांच्या अंगणात पाऊल टाकीत नाहीत. मिस्सा चुकली नाही याचे समाधान दोघांसही असते. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करावा, ही प्रभूची आज्ञा मात्र दोघांच्याही कानांवरून निघून जाते.

कोणी म्हणेल, वाडवडिलांनी घालून दिलेल्या रीतीस हात लावणे बरे नव्हे. पण पवित्र ख्रिस्तसभेने स्वतःच्या रीती वेळोवेळी तपासून पाहिल्या आहेत. ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्याने मध्यरात्रीपासून अन्नपाणी वर्ज्य करावे, असा पूर्वी दंडक होता. बाराव्या पायस पोपमहाशयांनी 1953 साली पाण्याची मोकळीक दिली आणि 1957 साली उपवास तीन तासांवर आणला. सहाव्या पॉल पोपमहाशयांनी 1964 साली तो एका तासावर आणला. प्रसादाविषयीचा आदर यामुळे उणा झाला नाही. दूरच्या पाड्यावरून चालत येणाऱ्यास आणि आजाऱ्यास प्रसादाची वाट मात्र सुलभ झाली.

भाषेचेही असेच आहे. चारशे वर्षांपूर्वी फादर स्टीफन्स यांनी गोव्यात मराठीतून ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते 1616 साली छापले गेले. नव्या ख्रिस्ती लोकांस आपला विश्वास आपल्या भाषेत कळावा, हा त्यामागील हेतू होता. तथापि वेदीवरील उपासना पुढेही दीर्घकाळ लॅटिन भाषेतच चालली. ती कळत नसल्याने मिस्सा चालू असता लोक बाकांवर जपमाळ म्हणत बसत. सीरो-मलबार ख्रिस्तसभेत 1962 पर्यंत सिरियाक भाषा होती. त्या वर्षी मल्याळम आली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 4 डिसेंबर 1963 रोजी लोकभाषेस वाव दिला व श्रद्धावंतांनी उपासनेत समजून-उमजून भाग घ्यावा, असे बजाविले. पुढे 1974 साली सहाव्या पॉल यांनी जपमाळेची थोरवी गाइली, पण तीत चिंतन नसेल तर ती प्राणावाचून देहासारखी होते, असाही इशारा दिला.

दूर कशास जावे? आदिलाबाद धर्मप्रांत 1999 साली चांदा धर्मप्रांतातून वेगळा झाला. तो सीरो-मलबार परंपरेचा असल्याने येथे मोठा उपवासकाळ सोमवारी सुरू होतो. पेनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्हा लॅटिन परंपरेच्या अमरावती धर्मप्रांतात मोडतो. तेथे राखेचा बुधवार पाळतात. नदीच्या एका तीरावर सोमवार, दुसऱ्या तीरावर बुधवार. दोन्ही रीती पवित्र आहेत आणि दोन्ही पाळण्याजोग्या आहेत. परंतु देव वार मोजीत बसत नाही. मन वळले की नाही, हे तो पाहतो.

उपवासकाळ येतो तेव्हा आपल्या भागात मोहफुले वेचण्याचे दिवस असतात. पहाटे टोपली घेऊन रानात जाणाऱ्या आणि एका भाकरीवर दिवस काढणाऱ्या कुटुंबास आणखी उपास काय सांगावा? 1966 साली प्रायश्चित्ताचे नियम नव्याने ठरविताना सहाव्या पॉल यांनी हाच भेद ओळखला होता. संपन्नांनी अधिक त्याग करावा. दरिद्री बांधवांनी आपले कष्टच प्रार्थनेत प्रभूस वाहावेत. त्यांस न्याय मिळावा म्हणून झटावे, असा त्यांचा आशय होता. उलट, मांस वर्ज्य म्हणून दुप्पट दामाची मासळी आणून जेवणे, यात नियम राहिला पण उपास उडाला.

मग काय करावे? जुने काही टाकू नये. त्यात प्राण घालावा. जपमाळेच्या प्रत्येक दशकापूर्वी घरातील एका मुलाने ते रहस्य घरात बोलल्या जाणाऱ्या भाषेत, मग ती मराठी असो, तेलुगू असो वा गोंडी असो, दोन वाक्यांत सांगावे आणि क्षणभर सर्वांनी स्तब्ध राहावे. वेळ नसेल तर एकच दशक म्हणावे, पण जागेपणी म्हणावे. उपासाने वाचलेला पैसा निराळ्या डब्यात टाकून तो कोणत्या घरी द्यावयाचा, हे आधीच ठरवावे. मेणबत्ती लावण्यापूर्वी, आपण कोणाशी अबोला धरला आहे, हे स्वतःस विचारावे.

यातील शेवटचे सर्वांत कठीण आहे, हे आम्ही जाणतो. धुरा कोणाचा, हे तलाठ्याच्या कागदावरून कदाचित ठरेल. पण भावाच्या दारी आधी कोणी जावे, हे कोणताही कागद सांगणार नाही. ज्यास प्रार्थनेचा अर्थ कळला, त्याने आधी जावे. येत्या रविवारी मंदिराकडे निघताना थोडे लवकर निघावे. वाटेत भावाचे घर लागते.