शितावरून भाताची परीक्षा

गेल्या वर्षी एनसीसीच्या फायरिंगला मी पाच गोळ्या मारल्या. पॉइंट टू-टू रायफल, पंचवीस मीटर अंतर, पालथं झोपून. टार्गेट आणलं तेव्हा पाचही भोकं काडेपेटीखाली झाकली जातील इतकी जवळ होती. शेजारच्या लेनमध्ये माझी मैत्रीण होती. तिची चार भोकं माझ्यापेक्षाही जवळ, पण पाचवं चार बोटं लांब. ग्रूप मोजतात तो सर्वांत लांबच्या दोन भोकांमधला. त्यामुळे कॅम्पला माझी निवड झाली, तिची नाही.

पंधरा दिवसांनी पुन्हा सराव झाला. या वेळी माझा ग्रूप पुरीएवढा आणि काडेपेटीचा ग्रूप तिचा. पण यादी तोवर गेलेली होती.

नाताळला मामा बेळगावला आला तेव्हा जेवताना मी ही हकीकत जरा फुशारकीनेच सांगितली. मामा वीस वर्षं अमेरिकेत ओहायो राज्यात आहे आणि तिथे रायफल नेमबाजी हा त्याचा रविवारचा छंद आहे. मला वाटलं शाबासकी देईल. तो म्हणाला, "पाचच गोळ्या? मग त्यावरून काय कळलं गं?"

मी चिडले. पण पुढचे चार महिने व्हिडिओ कॉलवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच्या टार्गेटच्या फोटोंतून त्याने मला जे दाखवलं, ते इथे सांगते. साहित्य मंडळाच्या अंकात बंदूक कशाला, असं कुणी म्हणेल. विषय बंदुकीचा आहे खरा, पण प्रश्न पुराव्याचा आहे.

रायफल कोणती?

मामाकडे एम-वन गॅरंड आहे. जॉन गॅरंड या मूळच्या कॅनडात जन्मलेल्या माणसाने मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड आर्मरीत तिची रचना केली. १९३६ मध्ये अमेरिकन सैन्याने ती स्वीकारली आणि दुसऱ्या महायुद्धात व कोरियात ती सैनिकांच्या हातात होती. ही अर्धस्वयंचलित रायफल आहे. एकदा चाप ओढला की एकच गोळी सुटते, पण रिकामी पुंगळी बाहेर फेकणं आणि पुढचं काडतूस नळीत ढकलणं हे काम ती स्वतः करते. नळीच्या टोकाजवळ एक बारीक छिद्र असतं. जळलेल्या दारूचा थोडा वायू तिथून निघून एका लांब दांड्याला मागे ढकलतो आणि सगळी यंत्रणा फिरते. आठ काडतुसं पत्र्याच्या क्लिपसकट आत जातात. आठवी सुटली की क्लिप 'टिंग' आवाज करत बाहेर उडते. मामाने तो आवाज मला फोनवर तीनदा ऐकवला.

तिथे अशा जुन्या सैनिकी रायफली नागरिकांना कायद्याने मिळतात आणि त्यांच्या स्पर्धाही होतात. ओहायोतच, ईरी सरोवराच्या काठी, कॅम्प पेरी नावाची जागा आहे. १९०७ पासून राष्ट्रीय सामने तिथे भरतात. आपल्याकडे गोष्ट वेगळी आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे. त्यामुळे पुढचं सगळं समजून घेण्यासाठी आहे, करून बघण्यासाठी नाही.

रायफल 'सुधारायची' म्हणजे काय?

मला वाटायचं, अचूक रायफल म्हणजे सरळ मारणारी. मामा म्हणतो, सरळपणा नंतर, आधी सारखेपणा. गोळी सुटताना नळी तारेसारखी थरथरते. ती दर वेळी सारखीच थरथरली, तर गोळ्या एका जागी जातील. मग ती जागा डावीकडे असली तरी नेमाचं चाक दोन घरं फिरवलं की झालं. पण थरथर दर वेळी वेगळी असेल, तर कुठलंही चाक कामाचं नाही.

हा सारखेपणा बिघडवण्यात लाकडाचा मोठा हात असतो. पावसाळ्यात आपल्या घराचं दार फुगून चौकटीत अडकतं ना, तसंच रायफलीचा लाकडी दस्ताही हवेप्रमाणे फुगतो आणि आकसतो. आतलं लोखंड एका आठवड्यात घट्ट, दुसऱ्या आठवड्यात सैल. यावर उपाय म्हणजे ग्लास बेडिंग. लोखंड आणि लाकूड जिथे टेकतात तिथलं थोडं लाकूड कोरून काढायचं, तिथे इपॉक्सी भरायचं आणि लोखंडावर ते चिकटू नये असा लेप देऊन रायफल त्यात बसवायची. इपॉक्सी वाळलं की लोखंडाचा हुबेहूब साचा तयार होतो. रायफल दर वेळी त्याच बैठकीत बसते. म्हणूनच मामा ती सफाईसाठीसुद्धा उगाच दस्त्यातून काढत नाही. काढघाल केली की साचा झिजतो.

याशिवाय त्याने नवी नळी बसवली आणि चाप गुळगुळीत करून घेतला. फार हलका करता येत नाही, कारण स्पर्धेचा नियम आहे, किमान साडेचार पौंडांचा जोर लागलाच पाहिजे.

अचूकता मोजायचं माप म्हणजे कोनाचं मिनिट, अंशाचा साठावा भाग. १०० यार्डांवर एक मिनिट म्हणजे जवळजवळ एक इंच. मामाचे ग्रूप आधी सरासरी साडेतीन इंचांचे होते. या कामानंतर दोनच्या आत आले. हा फरक इतका मोठा की पहिल्या दहा-पंधरा गोळ्यांतच डोळ्यांना दिसला. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

घरी भरलेली काडतुसं

काडतुसाचे चार भाग. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी म्हणजे प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी गोळी. गोळी उडाली तरी पुंगळी उरते आणि ती पुन्हा भरता येते. हौशी लोक हे दोन कारणांसाठी करतात, एक पैसा आणि दुसरं सारखेपणा. कारखान्यात लाखो काडतुसं निघतात. मामा रात्री टेबलावर बसून पन्नास भरतो, पण प्रत्येकाची दारू तराजूवर तोलतो. वजन ग्रेनमध्ये असतं. एका पौंडात ७००० ग्रेन, म्हणजे एक ग्रेन हा एका ग्रॅमचा पंधरावा भागही नाही. आमच्या आजीने केसर मोजताना एवढी काळजी घेतली नसेल.

अर्धस्वयंचलित रायफलीसाठी भरताना जास्त पथ्यं पाळावी लागतात. उडालेली पुंगळी फुगलेली असते. ती साच्यातून दाबून पूर्ण मूळ मापाला आणावी लागते, कारण इथे काडतूस हाताने हळुवार बसवायचं नसतं, यंत्र ते धाडकन आत ढकलतं. गॅरंडची टोचणी मोकळी असते. झडप बंद होताना ती प्रायमरला किंचित शिवते. प्रायमर नाजूक असेल किंवा जरा वर राहिला असेल, तर चाप न ओढताच बार उडू शकतो. म्हणून प्रायमर कडक जातीचा आणि बुडाच्या पातळीखालीच बसलेला हवा. आणि दारू फार सावकाश जळणारी असेल, तर छिद्रापाशी वायूचा दाब जास्त राहतो आणि तो लांब दांडा वाकतो. छापील पुस्तकात जे दिलं आहे त्याच्या बाहेर मामा जात नाही. "इथे डोकं चालवायचं नाही," असं तो सांगतो.

मग परीक्षा

एप्रिलमध्ये मामाने पुस्तकातल्या मर्यादेतच दारूची पाच वेगवेगळी वजनं घेतली आणि प्रत्येकाची पाच काडतुसं भरली. वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवून १०० यार्डांवर मारली. पाच ग्रूप आले, १.८ इंच, २.४, १.१, २.० आणि १.६. त्याने तिसऱ्याचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "सापडलं!"

माझ्यावर हसलेला माणूस स्वतःच फसला होता. हे त्याने नंतर कबूल केलं म्हणून लिहिते.

पुढच्या महिन्यात त्याने तिसऱ्या वजनाची, म्हणजे 'सर्वोत्तम' ठरलेली, पंचवीस काडतुसं भरली आणि दुसऱ्या वजनाची, म्हणजे 'सर्वांत वाईट' ठरलेली, पंचवीस. एकाच दिवशी, आलटून पालटून, नळी थंड होऊ देत, पाच-पाचचे ग्रूप मारले. सर्वोत्तमची सरासरी आली १.९ इंच. वाईटची १.८. म्हणजे त्या दोन वजनांत दिसण्याइतका फरकच नव्हता. १.१ चा ग्रूप हा कावळा बसायला आणि फांदी मोडायला, असा प्रकार होता.

असं का होतं? पाच गोळ्यांचा ग्रूप मोजताना आपण फक्त दोन भोकं मोजतो, बाकीची तीन मोजमापात येतच नाहीत. त्यामुळे रायफल तीच, काडतुसं तीच, माणूस तोच असला तरी एक ग्रूप दुसऱ्याच्या दीडपट येणं अगदी नेहमीचं आहे. दुसरी गंमत म्हणजे गोळ्या वाढल्या की ग्रूप मोठाच होत जातो, कारण आत भोकं कितीही पडली तरी ग्रूप लहान होत नाही, बाहेर एक पडलं तरी मोठा होतो. गणिताने बघितलं, तर तीन गोळ्यांचे ग्रूप सरासरी एक इंचाचे येत असतील, तर त्याच रायफलीचे दहा गोळ्यांचे ग्रूप सरासरी १.६ इंचांचे येतात. म्हणून तीन गोळ्यांचा फोटो भिंतीवर छान दिसतो.

जाणकार लोक सर्व भोकांचा मध्य काढतात आणि प्रत्येक भोक त्या मध्यापासून किती लांब आहे याची सरासरी घेतात. त्यात प्रत्येक गोळी बोलते. आणि मघाशी सांगितलेली गोष्ट इथे लागू होते. बेडिंगसारखा मोठा फरक थोड्या गोळ्यांत दिसतो, पण जरासा फरक शोधायचा तर पुष्कळ गोळ्या लागतात. थोड्या गोळ्या मारून बारीक फरक 'सापडला' म्हणणं ही स्वतःची फसवणूक.

शितावरून भाताची परीक्षा ही आपली म्हण चूक नाही. भाताला ती चालते, कारण सगळी शितं एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेली असतात. एक दाबून बघितलं की बाकीची कळतात. गोळ्यांचं तसं नाही. तिथे एक शीत कच्चं आणि शेजारचं मऊ असू शकतं.

लांब गेलेली गोळी

आता माझ्या मैत्रिणीच्या त्या पाचव्या भोकाकडे येते. मी मामाला विचारलं, एखादी गोळी लांब गेली तर ती सोडून द्यायची की मोजायची? तो म्हणाला, यासाठी चांगल्या नेमबाजांची एक शिस्त आहे. चाप ओढला त्या क्षणी, टार्गेट बघायच्या आधी, आपली गोळी कुठे गेली असं वाटतं ते वहीत लिहायचं. 'उजवीकडे ओढली' असं आधी लिहिलं असेल आणि गोळी खरंच उजवीकडे सापडली, तर ती चूक माणसाची. रायफलीची किंवा काडतुसाची परीक्षा चालू असेल तर ती बाजूला ठेवता येते. पण टार्गेट बघून झाल्यावर "ती माझ्या हातून हलली" म्हणायचा हक्क नाही. नाहीतर प्रत्येक वाईट गोळी आपली आणि प्रत्येक चांगली रायफलीची होऊन बसते.

हे ऐकून मी गप्प झाले. त्या दिवशी शेजारच्या लेनमधून मला स्पष्ट ऐकू आलं होतं. पाचव्या गोळीला, टार्गेट आणायच्या कितीतरी आधी, ती पुटपुटली होती, "गेली, ओढली मी." तिला आपला हात कळत होता. मला माझ्या पाचांपैकी एकही कुठे गेली ते सांगता आलं नसतं. निवड नेमबाजाची होती, त्यामुळे तिची चूक मोजली जाणं बरोबरच. पण आमच्या दोघींत नेमबाजी जास्त कुणाला कळते याचा पुरावा त्या पुटपुटण्यात होता आणि तो फक्त मी ऐकला होता. मी कुणाला बोलले नाही. कॅम्पला गेले. तिथे माझे ग्रूप पुरीएवढेच आले.

यंदा आम्ही ज्युनियर मुलींचं फायरिंग बघायला गेलो तेव्हा मी सरांना विचारलं, दोन दिवसांची टार्गेटं एकत्र धरता येतील का? गोळ्या मोजून मिळतात, जास्त मागता येत नाहीत, हे खरं आहे. पण दोन सरावांच्या पाच-पाच मिळून दहा तर होतात. सरांनी दोन्ही दिवसांचे आकडे रजिस्टरमध्ये शेजारी शेजारी लिहायला सांगितले. मी माझ्या खोलीतल्या काडेपेटीच्या टार्गेटशेजारी पुरीचं टार्गेटही लावलं आहे.

हा लेख मंडळाला द्यायच्या आधी मैत्रिणीला वाचायला दिला. पाचव्या गोळीचं मी ऐकलं होतं हे तिला आत्ताच कळलं. थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "अगं, तिसरीसुद्धा ओढलेली होती मी. ती बसली जागेवर, म्हणून कुणी विचारलं नाही."